क्षिप्रेकाठचा निवाडा

२०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनच्या शिवेवरील सुमारे २,३७८ हेक्टर जमीन कायमची आपल्या योजनेत ओढण्याचा जो घाट मध्य प्रदेश सरकारने घातला होता, तो त्या सरकारास डिसेंबर २०२५ मध्ये मुकाट्याने सोडून द्यावा लागला. सप्टेंबरात शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर नगरीच्या रस्त्यांवर उतरले. नोव्हेंबरच्या १७ तारखेस, ठिय्या आंदोलनाच्या आदल्या दिवशी, योजना मागे घेतल्याचे सरकारने जाहीर केले. दोनच दिवसांनी लेखी आदेश निघाला, तेव्हा मात्र त्यात 'रद्द' या शब्दाच्या जागी 'दुरुस्ती' अवतरली होती! पुन्हा असंतोष उसळला, सत्ताधारी पक्षाच्याच एका स्थानिक आमदाराने शेतकऱ्यांची बाजू उचलून धरली, आणि तेव्हा कोठे योजना समूळ रद्द झाल्याचा आदेश बाहेर पडला.

या प्रकरणाकडे एका सरकारची फजिती म्हणून पाहणे आम्हांस उथळपणाचे वाटते. विकासाच्या शत्रूंनी एक चांगले काम हाणून पाडले, असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. आंदोलन उभे केले ते भारतीय किसान संघाने. १९७९ साली या संघाची स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी हे आमच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे. आणि हा संघ ज्या विचारपरिवारातला, त्याच परिवाराचे राज्य आज भोपाळात आहे. मुख्यमंत्री मोहन यादव हे तर खुद्द उज्जैनचेच प्रतिनिधी. म्हणजे विरोधकांची कारस्थाने, परप्रांतीयांची चिथावणी वगैरे जी ठरावीक कारणे अशा वेळी पुढे केली जातात, त्यांपैकी एकही येथे लागू पडत नाही. घरच्या माणसाने घरच्या माणसास 'हे आम्हांला विचारून केले नाही' असे ऐकविले, एवढाच या प्रकरणाचा अर्थ. परंतु सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कामाला तो लागू पडणारा असल्याने त्याचा नीट विचार व्हावयास हवा.

उज्जैन ही मराठी माणसाला परकी नगरी नव्हे. राणोजी शिंद्यांचे ठाणे येथे होते. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. नाशिकच्या साधूंना निमंत्रणे देऊन येथला सिंहस्थ राणोजींनीच पुन्हा सुरू केला, असे परंपरा सांगते. दौलतरावांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करात नेली, तोवर शिंदेशाहीचा कारभार क्षिप्रेच्या काठावरूनच चालत होता. आणि त्यानंतरही बायजाबाईंनी बांधविलेले गोपाळमंदिर तो संबंध आजवर सांगत उभे आहे. तेव्हा तेथे जे घडते त्याची विचारपूस करणे हा परक्याच्या घरातील डोकावणे ठरू नये.

योजना काय होती, हे आधी निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. बारा वर्षांनी एकदा भरणाऱ्या या मेळ्यासाठी तीन हजारांहून अधिक हेक्टर क्षेत्र लागते, आणि त्यातील बराच भाग शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीचा आहे. आजवरचा रिवाज असा, की सरकारने काही महिन्यांपुरती जमीन घ्यावी, बुडालेल्या पिकाची भरपाई द्यावी आणि मेळा आटोपल्यावर ती मालकाच्या हवाली करावी. साधूंचे तंबू उठले की तेथे पुन्हा नांगर फिरे. सरकारचे म्हणणे असे, की दर वेळी तात्पुरते रस्ते, तात्पुरती गटारे आणि तात्पुरती शौचालये यांवर कोट्यवधी रुपये खर्चावयाचे आणि मेळ्यानंतर ते मातीत घालवावयाचे, यापेक्षा एकदाच पक्के रस्ते, नळ, वीज आणि आखाड्यांसाठी आश्रमांच्या जागा असलेली कायमची नगरी वसवावी. हा युक्तिवाद पोकळ नाही. २०१६ च्या सिंहस्थात ५ मे रोजी वादळी पावसाने मंडप कोसळून यात्रेकरूंचे प्राण गेले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. कोट्यवधी माणसे जेथे महिन्याभरात येऊन जातात तेथे पक्क्या सोयी नकोत, असे कोणता सुज्ञ मनुष्य म्हणेल?

परंतु या सोयींसाठी जो मार्ग निवडला गेला तो लँड पूलिंगचा, म्हणजे भू-एकत्रीकरणाचा. शेतकऱ्याने आपली सारी जमीन विकास प्राधिकरणाकडे द्यावी. त्यातील निम्मी प्राधिकरणाने रस्ते, गटारे, उद्याने, सार्वजनिक इमारती आणि स्वतःचा हिस्सा यांसाठी ठेवावी. उरलेली निम्मी 'विकसित भूखंड' म्हणून मालकास परत द्यावी. कागदावर हा हिशेब गोड दिसतो. भूखंडाचा भाव शेताच्या भावाच्या कित्येक पट होईल, तेव्हा अर्धी जमीन जाऊनही शेतकरी श्रीमंतच होणार, असे त्यास समजावण्यात आले. या व्यवस्थेस सरकारी भाषेत भागीदारी म्हणतात, आणि आमचे भांडण आहे ते नेमके या शब्दाशी.

बाजारपेठेतला कोणताही लहानसा दुकानदार भागीदारीचा अर्थ सरकारी तज्ज्ञांपेक्षा अधिक चांगला जाणतो. भागीदार तो, ज्यास धंदा कोणता करावयाचा हे ठरविताना विचारले जाते; ज्यास वही उघडून पाहता येते; ज्यास नको असेल तर बाहेर पडता येते. उज्जैनच्या शेतकऱ्यास यांपैकी काय लाभले? योजना आधी ठरली, नकाशे आधी आखले गेले, आणि मग आक्षेप नोंदविण्यासाठी त्यास बोलाविण्यात आले. ज्याची जमीन हे भांडवल, त्यास कारभारात जागा नाही. भूखंड कोठे आणि कधी मिळेल याची हमी नाही. भाव पडला तर तोटा मात्र त्याचा. गहू, सोयाबीन आणि लसूण पिकविणाऱ्या कुटुंबास भूखंड हाती आल्यावर उद्या सकाळी काय करावयाचे, याचे उत्तर तर कोणत्याच कागदावर नव्हते. ज्याच्या संमतीवाचून करार पुरा होत नाही तो भागीदार. ज्याची संमती करार पुरा झाल्यावर मागितली जाते तो केवळ सोपस्काराचा धनी.

आणि गंमत अशी, की बारा वर्षांचा जो जुना रिवाज मोडीत काढावयाचा होता तीच खरी भागीदारी होती! शेतकरी एका हंगामावर पाणी सोडी, सरकार त्याची भरपाई देई, साधूंना जागा मिळे, व्यापाऱ्यांना गिऱ्हाईक मिळे, आणि शेवटी ज्याची वस्तू त्यास परत जाई. त्यात त्रुटी होत्या. भरपाई अपुरी मिळते, उशिरा मिळते, जमिनीत गिट्टी आणि कचरा राहून जातो, या तक्रारी खऱ्या होत्या. परंतु त्रुटी असलेली संमती दुरुस्त करता येते. संमतीच नसेल तर दुरुस्त कशाची करणार?

भू-एकत्रीकरण हे मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ही कल्पना आमच्या भागास नवीनही नाही. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ चा. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे त्या वेळी त्याच इलाख्यात होते. जमिनी एकत्र करून रस्त्यांसाठी भाग काढावयाचा आणि उरलेले तुकडे मूळ मालकांत पुन्हा वाटावयाचे, ही रीत त्या कायद्याने घालून दिली. पण त्याबरोबर आक्षेपांची सुनावणी आणि मूल्य ठरविण्यासाठी लवाद यांचीही तरतूद केली. पुण्याजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःचीच कंपनी काढली आणि स्वतःचीच नगरी उभी केली. जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकास भाग मिळाला, आणि काल नांगर धरणारी मुले उद्या तेथलीच कंत्राटे घेऊ लागली. तेथे एकत्रीकरण यशस्वी झाले, कारण एकत्र येणाऱ्यांनी ते आपण होऊन केले.

याच्या उलट उदाहरण आंध्रातील अमरावतीचे. २०१५ मध्ये राजधानीसाठी शेतकऱ्यांनी तेहतीस हजारांवर एकर जमीन सरकारच्या शब्दावर दिली. २०१९ मध्ये सत्तापालट झाला, नव्या सरकारने तीन राजधान्यांची टूम काढली, आणि ज्यांनी जमिनी दिल्या ते ना शेतकरी राहिले ना नागरवासी. २०२४ मध्ये पुन्हा सत्ता पालटून काम पुढे सरकले, तोवर त्यांची पाच वर्षे मोर्चांत आणि न्यायालयांत गेली होती. आमच्या समृद्धी महामार्गाची कथाही बोलकी आहे. प्रारंभी तेथेही एकत्रीकरणाचाच प्रस्ताव होता. शेतकऱ्यांनी त्यास पाठ दाखविली, तेव्हा सरकारने रोख आणि चढा भाव देऊन थेट खरेदीचा मार्ग धरला. आणि ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पुरा झाला. त्या रस्त्यावर आमचे अन्य आक्षेप असू शकतील. पण शेतकऱ्याने रोकड पत्करली आणि भूखंडाचे वचन नाकारले, यातून सरकारी वचनाची बाजारातील किंमत किती, हे स्पष्ट होते.

जमिनीच्या या प्रश्नापेक्षाही कठीण असा भागीदारीचा एक दुसरा प्रश्न उज्जैनपुढे आहे, आणि तो नदीचा. क्षिप्रा उगम पावते इंदूरजवळच्या उज्जैनी गावाशी. इंदूर शहरातून वाहत येणारी खान नदी उज्जैनच्या वेशीवर त्रिवेणीपाशी तिला मिळते, आणि येताना त्या महानगराचे सांडपाणी घेऊन येते. क्षिप्रेस स्वतःचे पाणी उन्हाळ्यात उरत नाही. म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये नर्मदा-क्षिप्रा जोडयोजनेची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी उज्जैनीस पोहोचले. खर्च ४३२ कोटी. सुमारे साडेतीनशे मीटर उंच पाणी चढवावयाचे, म्हणजे जोवर पंप चालेल तोवर विजेचे बिल चालू. २०१६ च्या मेळ्यापूर्वी खानचे घाण पाणी नळातून नगरीस वळसा घालून खाली सोडण्याची योजना झाली. एवढे सगळे झाल्यावर ५ जानेवारी २०१९ रोजी शनैश्चरी अमावास्येस आलेल्या भाविकांना त्रिवेणीवर स्नानापुरतेही पाणी मिळाले नाही. चिखलात आणि फवाऱ्यांखाली त्यांनी पर्वणी साधली. पाणी सोडावयाचे कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून, याचा ताळमेळ खात्याखात्यांत नव्हता. विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांस हलविण्यात आले; खाती होती तेथेच राहिली.

आता २०२८ साठी खानचे पाणी बंदिस्त मार्गाने आणि बोगद्याने सुमारे तीस किलोमीटर दूर नेण्याची नऊशे कोटींहून अधिक खर्चाची योजना पुढे आली आहे. आम्ही विचारतो: २०१६ चा नळ का पुरला नाही, याचा जाहीर हिशेब प्रथम कोणी दिला काय? वरच्या गावाने घाण सोडावी, खालच्या गावाने ती चुकवावी, आणि दोहोंचा खर्च राज्याच्या तिजोरीने सोसावा, यास प्रादेशिक विकास म्हणता येत नाही. इंदूरने २०१७ पासून ओळीने आठ वेळा देशातील सर्वांत स्वच्छ शहराचा मान मिळविला आणि त्याचे कौतुक आम्हीही करतो. परंतु त्याच इंदूरच्या भागीरथपुऱ्यात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस दूषित नळपाण्याने माणसे दगावली, आणि त्याच इंदूरच्या ओढ्यांचे पाणी खालच्या तीर्थास लागते. रस्त्यावरचा केर दिसतो, जमिनीखालचा दिसत नाही. आणि पारितोषिके बहुधा दिसणाऱ्या गोष्टींनाच मिळतात.

मध्य प्रदेशच्या विधानसभेने ऑगस्ट २०२५ मध्ये महानगर प्रदेशांच्या नियोजनाचा कायदा केला. त्याअन्वये इंदूर, उज्जैन, देवास, धार यांचा एक प्रदेश कल्पिला आहे. ही संधी मोठी आहे. त्या प्रदेशाच्या मंडळाने पहिला ठराव गगनचुंबी इमारतींचा न करता खान नदीचा करावा: इंदूरने आपल्या हद्दीतच पाणी शुद्ध करून सोडावे, त्याची मोजणी उज्जैनच्या माणसांसमक्ष व्हावी, आणि मोजमाप चुकल्यास दंड इंदूरच्या खात्यातून उज्जैनच्या खात्यात जावा. वरचा आणि खालचा यांत लेखी करार नसेल तर एक प्रदेश म्हणणे हा नकाशावरचा खेळ होय. नर्मदेचेच पाहा. १९७९ च्या लवादाने मध्य प्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५० आणि महाराष्ट्रास ०.२५ दशलक्ष एकर-फूट असे पाण्याचे वाटे लिहून दिले. म्हणूनच राज्याराज्यांत तो व्यवहार टिकला. पण त्याच निवाड्यात बुडितग्रस्तांस जमिनीच्या बदली जमीन देण्याचेही लिहिले होते, आणि ते पदरात पाडून घेण्यास आदिवासींना व शेतकऱ्यांना दशकेच्या दशके लढावे लागले. कारण पाण्याचा हिशेब ठेवण्यास राज्ये बलवान होती. माणसांचा हिशेब मागणारे दुर्बळ होते.

तिसरी गोष्ट कामाच्या दर्जाची. महाकाल लोकाचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. केंद्र, राज्य, स्मार्ट सिटीची कंपनी, रुद्रसागर तलावाच्या कामी फ्रान्सच्या विकाससंस्थेचे साहाय्य, अशी भागीदारांची भली मोठी यादी त्या परिसराच्या विकासामागे आहे. आठ महिनेही उलटले नाहीत तोच, २८ मे २०२३ रोजी, सोसाट्याच्या वाऱ्याने सप्तर्षींपैकी सहा मूर्ती उन्मळून पडल्या! रामचंद्रबाबांनी उभविलेल्या मंदिराने जवळजवळ तीनशे पावसाळे पाहिले. फायबरच्या ऋषींना एकही धड पाहता आला नाही. भागीदार जितके अधिक तितकी जबाबदारी पातळ, असा जो अनुभव सार्वजनिक कामांत येतो त्याचे हे नमुनेदार उदाहरण. फीत कापताना सगळे पुढे असतात. मूर्ती पडल्यावर मात्र ते काम कोणाकडे होते, याचा शोध घेण्यास चौकशी नेमावी लागते.

आमच्या सीमाभागातील वाचकांस यातील एकही गोष्ट अपरिचित वाटणार नाही. दूरच्या राजधानीत नकाशा आखला जावा, आणि ज्याच्या शिवारातून तो जातो त्यास खांब रोवल्यावर बातमी कळावी, हे दुःख आमच्या लोकांनी पुरते भोगलेले आहे. बेळगावच्या हलगा-मच्छे बाह्यवळण रस्त्यासाठी तिबार पिकांची जमीन जाते म्हणून तेथील शेतकरी किती वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत आले, हे वेगळे सांगावयास नको. दुसऱ्या बाजूस तिलारीचे उदाहरण घ्या. १९९० च्या करारान्वये गोव्याने ७३.३० टक्के आणि महाराष्ट्राने २६.७० टक्के भार उचलावा, असे लेखी ठरले. दोन राज्यांची हद्द आड आली नाही आणि धरण उभे राहिले. मात्र दोडामार्गच्या धरणग्रस्तांचे काय, हा प्रश्न टक्केवारीत न बसल्याने तो वर्षानुवर्षे रेंगाळला. सरकारे एकमेकांशी करार करू शकतात. आपल्या प्रजेशी करार करण्याची वेळ आली की त्यांची लेखणी अडते.

आणि नाशिक? तेथील सिंहस्थ २०२७ चा, म्हणजे उज्जैनच्याही आधीचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये साधुग्रामासाठी तपोवनातील शेकडो झाडे तोडण्याचा प्रस्ताव येताच नाशिककर रस्त्यावर उतरले. तेथेही पद्धत तीच: आधी निर्णय, मग हरकती. उज्जैनचे जे सरकारी शहाणपण डिसेंबरात उशिरा सुचले, ते गोदाकाठी वेळेवर सुचावे, एवढीच महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांस आमची सूचना आहे.

सार्वजनिक कामांतील भागीदारीस चार कसोट्या लावाव्यात असे आम्हांस वाटते. अधिसूचनेपूर्वी ग्रामसभेची संमती घेतली जावी, आणि ती नाकारण्याचा अधिकार खरा असावा. ज्याची जमीन अथवा पाणी कामी येते त्यास कारभारी मंडळात मतासह जागा असावी. खर्चाची वही कोणाही नागरिकास पाहता यावी, आणि दहा वर्षांच्या आत काम ढासळल्यास भरपाई कोणी करावी हे करारातच नावानिशी लिहिलेले असावे. आणि दिलेली जमीन ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या कामास न लागल्यास ती आपोआप मूळ मालकाकडे परत जावी. यांपैकी कोणतीही गोष्ट अशक्य नाही, महागही नाही. एक योजना जाहीर करून, दुरुस्त करून, शेवटी रद्द करण्यात जो काळ आणि जी पत खर्ची पडते, तिच्या मानाने तर ती फारच स्वस्त आहे.

उज्जैनच्या शेतकऱ्यांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. योजना मोडण्यात त्यांना यश आले. पण मेळा मोडलेला नाही. २०२८ साली कोट्यवधी यात्रेकरू येणारच आणि त्यांच्यासाठी रस्ते, पाणी, निवारा व आरोग्याच्या सोयी लागणारच. तेव्हा जिंकल्याच्या समाधानात स्वस्थ न बसता, कोणती जमीन किती महिन्यांसाठी, किती भरपाईने आणि कोणत्या अटींवर देता येईल याचा मसुदा त्यांनीच तयार करून सरकारपुढे ठेवावा. कायमच्या रस्त्यांस जेवढी पट्टी खरोखर लागेल तेवढीचे दाम योग्य भावाने मागावे. नकार देण्याचा अधिकार ज्याने मिळविला, त्याच्या होकारास आता किंमत आली आहे. ती किंमत त्याने जपून वापरली पाहिजे.

राज्यकर्त्यांनी एवढे ओळखावे, की पैसा तिजोरीतून येतो, नकाशा कचेरीतून येतो, पण जमीन आणि पाणी माणसांकडून येते. त्या माणसांस पंगतीत बसवून पत्रावळ वाढण्याऐवजी त्यांच्याच घरचा शिधा घेऊन त्यांनाच उंबऱ्याबाहेर उभे करणाऱ्या यजमानाचे अन्न कोणास गोड लागेल? क्षिप्रेकाठी जो निवाडा झाला तो हाच आहे, आणि त्याची अंमलबजावणी गोदेपासून मार्कंडेयीपर्यंत सर्वत्र व्हावयास हवी.